दोनदा परत आलेलं जहाज

डिग्री झाली, आता पुढे काय? १८३१ च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विनपुढेही हाच प्रश्न होता. वय वर्षं २२. आधी एडिंबराला डॉक्टरकी शिकायला गेला. पण भूल न देता होणारी ऑपरेशन्स बघवेनात, म्हणून ती सोडली. मग वडिलांनी पाद्री होण्यासाठी केंब्रिजला घातलं. तिथे अभ्यासापेक्षा भुंगे गोळा करणंच जास्त झालं.

२९ ऑगस्टला तो वेल्समधले खडक पाहून श्रूजबरीच्या घरी परतला, तर प्राध्यापक हेन्स्लो यांचं पत्र येऊन पडलेलं. ‘बीगल’ हे नौदलाचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे करायला निघणार होतं. कॅप्टन फिट्झरॉयला सोबत म्हणून निसर्गाचा अभ्यास करणारा तरुण हवा होता. पगार मात्र नाही!

वडील नको म्हणाले. उद्याच्या पाद्र्याला हे शोभणार नाही, जहाजावर हाल होतील, पुन्हा लाइन बदलल्यासारखं होईल, हा मुलगा कधी स्थिर होणारच नाही... कारणांची यादीच होती. खर्चही तेच करणार होते. चार्ल्सने मुकाट्याने नकार कळवून टाकला.

पण वडिलांनी एक फट ठेवली होती. एखाद्या समंजस माणसाने जा म्हटलं, तर ते परवानगी देणार होते. चार्ल्स गेला मामाकडे. जोसाया वेजवुड यांनी एकेका आक्षेपाला लेखी उत्तर दिलं, वर भाच्याला घेऊन स्वतः श्रूजबरी गाठलं. वडील विरघळले.

पुढचा अडथळा होता नाकाचा. २६ वर्षांचा फिट्झरॉय चेहऱ्यावरून स्वभाव ओळखायचा. असल्या नाकाच्या माणसात दम नसणार, असं त्याला वाटलं होतं. पण बोलणं झालं आणि दोघांचं जमलं.

मग धावपळ सुरू झाली. लंडनमध्ये बंदूक आणि पिस्तुलं घेतली. प्राणी स्पिरिटमध्ये कसे टिकवायचे, हे जाणकारांना विचारून घेतलं. पक्ष्यांमध्ये पेंढा भरायला तो एडिंबरातच शिकला होता, जॉन एडमनस्टन या गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कारागिराकडून. जहाज जेमतेम ९० फुटांचं आणि त्यावर सत्तरहून जास्त माणसं. चार्ल्सची झोळी नकाशांच्या टेबलावर टांगलेली. तो इतका उंच, की पाय मावायला एक खण काढून ठेवावा लागायचा.

प्लिमथ बंदरात दोन महिने नुसती वाट पाहण्यात गेले. छातीत धडधड व्हायला लागली. हृदयविकार असावा अशी त्याला भीती. पण डॉक्टर जाऊ नको म्हणतील म्हणून तो कुणाकडे गेलाच नाही. १० डिसेंबरला जहाज निघालं, वादळाने परत आलं. २१ ला पुन्हा तेच. २६ ला हवा छान, तर नाताळची दारू पिऊन खलाशी आडवे! अखेर २७ डिसेंबरला ‘बीगल’ सुटलं आणि चार्ल्सला लगेच बोट लागली. हा त्रास त्याला शेवटपर्यंत पुरला.

प्रवास लांबत गेला. २ ऑक्टोबर १८३६ ला तो परतला, तेव्हा पाच वर्षं होत आली होती. या प्रवासातल्या नोंदी आणि नमुन्यांतून सुरू झालेला विचार १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकातून जगासमोर आला.

आणि लाइन बदलण्याची वडिलांची भीती? ती अगदी खरी ठरली. चार्ल्स पाद्री कधी झालाच नाही.