एडविन हॉल

एडविन हर्बर्ट हॉल (७ नोव्हेंबर, १८५५ – २० नोव्हेंबर, १९३८) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आणि शिक्षक होते. १८७९ मध्ये त्यांनी शोधलेला 'हॉल परिणाम' आज मोटारींच्या इंजिनांतील अनेक स्थितिदर्शक संवेदकांचा आधार आहे.

शिक्षण

हॉल यांचा जन्म मेन राज्यातील गोरहॅम येथे झाला. बोडन महाविद्यालयातून १८७५ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी दोन वर्षे शाळांत मुख्याध्यापकाचे काम केले. १८७७ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांचे विद्यार्थी झाले.

शोध

चुंबकाचे बल तारेवर कार्य करते, तिच्यातील विद्युतप्रवाहावर नव्हे, असे मॅक्सवेल यांच्या ग्रंथात प्रतिपादन होते. हॉल यांना ते पटले नाही. रोलंड यांनाही तशीच शंका होती. पहिला प्रयत्न फसल्यावर रोलंड यांच्या सूचनेवरून हॉल यांनी काचेवर बसवलेला सोन्याचा पातळ वर्ख वापरला. वर्खातून प्रवाह सोडून त्यास काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावताच वर्खाच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब आढळला. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास तेव्हा १८ वर्षे अवकाश होता. या संशोधनावर त्यांना १८८० मध्ये पीएच.डी. मिळाली.

अध्यापन

१८८१ पासून हॉल हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १८९५ मध्ये ते प्राध्यापक झाले व १९२१ मध्ये निवृत्त झाले. शालेय विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्र स्वहस्ते प्रयोग करून शिकावे, यासाठी त्यांनी तयार केलेल्या प्रयोगसूचीचा अमेरिकन शाळांवर मोठा प्रभाव पडला. अध्यापनातील कार्यासाठी त्यांना १९३७ चे अर्स्टेड पदक देण्यात आले. केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे त्यांचे निधन झाले.

इंजिनातील उपयोग

धातूमध्ये हा विद्युतदाब अत्यल्प असतो. अर्धसंवाहकांमुळे तो सहज मोजता येऊ लागला आणि हॉल संवेदक व्यवहारात आले. क्रँकशाफ्टवरील दातेरी चाक संवेदकासमोरून फिरताना चुंबकीय क्षेत्र बदलते व प्रत्येक दात्यागणिक विद्युतस्पंद मिळतो. मुद्दाम गाळलेल्या दात्यांच्या जागेवरून दट्ट्याचे स्थान कळते. मात्र चार-धावी इंजिनात एका चक्रात क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो. त्यामुळे दट्ट्या वर आला तो संपीडनाच्या धावेत की निष्कासनाच्या, हे केवळ त्यावरून ठरत नाही. चक्रात एकदाच फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरील दुसरा संवेदक ही संदिग्धता दूर करतो. दोन्ही संकेतांवरून इंजिनाचा संगणक इंधन फवारण्याचा व ठिणगी पाडण्याचा क्षण ठरवतो.