प्रफुल्लकुमार सेन
डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५–१९८२) हे भारतीय हृदय व रक्तवाहिनी शल्यचिकित्सक होते. मुंबईतील परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (के.ई.एम.) रुग्णालय आणि त्याला संलग्न सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची कर्मभूमी. १९६८ मधील हृदयप्रत्यारोपणामुळे ते जगाला ठाऊक झाले. मात्र अवरुद्ध हृद्‌रोहिण्यांविषयीचे त्यांचे संशोधन वैद्यकाच्या इतिहासात अधिक काळ चर्चेत राहिले.

कार्यक्षेत्र
१९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय महानगरपालिकेचे. परळ, लालबाग, शिवडी या गिरणगावातील कामगार कुटुंबांचा मोठा आधार तेच. तातडीच्या साध्या उपचारांसाठीही जेथे रुग्णांची रीघ असे, तेथे सेन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांची शाळा उभारली, सहकाऱ्यांचा संघ घडवला आणि परदेशांतील तंत्रे आत्मसात केली. रॉकफेलर प्रतिष्ठानाशी त्यांचे संबंध होते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्हीकडील ज्ञान मिळवण्याचे कौशल्यही त्यांच्यापाशी होते.

हृदयस्नायूचे सूचिवेधन
हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या मेदयुक्त थर साचून अरुंद होतात. त्यांपैकी एखादी पूर्ण बंद पडली, की स्नायूचा तेवढा भाग उपाशी राहतो. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात यावर खात्रीचा उपाय नव्हता. छातीच्या आतील एक रोहिणी हृदयस्नायूत रोवण्याची कॅनडातील व्हाइनबर्ग यांची शस्त्रक्रिया प्रचारात होती. पण तिचा लाभ दिसण्यास काही महिने लागत. सेन यांनी वेगळा मार्ग शोधला. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूचा बराचसा भाग निलयातील रक्तावर थेट पोसला जातो. मानवी हृदयातही सुईने डाव्या निलयाच्या भित्तीत आरपार मार्ग केले, तर बंद रोहिणीवाचून रक्त स्नायूत पोहोचेल, अशी ही कल्पना होती. टी. ई. उदवाडिया, एस. जी. किनरे व जी. बी. परुळकर यांच्यासह हा शोधनिबंध १९६५ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यांतील उदवाडिया पुढे भारतातील दुर्बिणीद्वारे होणाऱ्या उदरशस्त्रक्रियेचे अग्रणी ठरले.

आक्षेपही लवकरच आला. १९६९ मध्ये पिफारे व सहकाऱ्यांनी स्नायूच्या आतील दाब निलयातील दाबापेक्षा अधिक असल्याने असा रक्तप्रवाह शरीरक्रियेच्या दृष्टीने अशक्य असल्याचे मांडले. पाडलेले मार्ग काही काळाने बुजतात, हेही दिसून आले. दरम्यान १९६७ पासून फावालोरो यांनी रूढ केलेल्या बायपास शस्त्रक्रियेमुळे शल्यचिकित्सकांचे लक्ष तिकडे वळले.

हृदयप्रत्यारोपण
१७ फेब्रुवारी १९६८ रोजी, बर्नार्ड यांच्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, सेन यांनी के.ई.एम.मध्ये मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. असा प्रयत्न करणारे ते जगातील चौथे शल्यचिकित्सक होत. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातही रुग्ण वाचू शकला नाही. मेंदूमृत्यूला तेव्हा भारतात कायदेशीर मान्यता नव्हती. ती १९९४ च्या कायद्याने मिळाली. गरिबांच्या रुग्णालयात इतका खर्चिक प्रयोग करावा काय, हा प्रश्न अभ्यासकांनी नंतर विचारला आहे, आणि तो निरर्थक म्हणता येत नाही.

नंतरचा मागोवा
१९७७ मध्ये झुरिच येथे ग्रुंटझिग यांनी जांघेतील रोहिणीतून कॅथेटर हृदयापर्यंत नेऊन त्याच्या टोकावरील फुग्याने अरुंद हृद्‌रोहिणी रुंद केली. छाती न उघडता उपचार शक्य झाला. तीन महिन्यांहून अधिक काळ पूर्णपणे बंद असलेल्या रोहिण्या मात्र दीर्घकाळ दुर्भेद्य राहिल्या. कठीण अवरोध भेदणाऱ्या तारा, सूक्ष्म कॅथेटर आणि शेजारच्या रोहिणीतील पर्यायी वाहिन्यांतून उलट बाजूने अवरोधापर्यंत पोहोचण्याचे तंत्र यांमुळे हे काम पुढे शक्य झाले.

ज्यांना बायपास व फुगा हे दोन्ही उपाय लागू पडत नव्हते, त्यांच्यासाठी सेन यांची कल्पना पुन्हा पुढे आली. १९८० च्या दशकात अमेरिकेत महमूद मिरहोसेनी यांनी सुईऐवजी लेसरने हृदयस्नायूत मार्ग पाडले, आणि १९९८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने लेसरच्या अशा शस्त्रक्रियेस मान्यता दिली. त्याच तत्त्वावर कॅथेटरमधून लेसर तंतू निलयात नेण्याचीही पद्धत निघाली. परंतु २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काही रुग्णांना केवळ लुटुपुटीचा उपचार देऊन केलेल्या तुलनेत तिचा अधिक लाभ आढळला नाही.