निशापूरचा भूमितिकार

उमर खय्याम म्हटले की मराठी वाचकाला माधव जूलियन आठवतात, रुबाया आठवतात आणि अर्थातच सुरई. रमजानच्या पानावर ही स्वारी कशी, असे कुणी विचारले तर ते चूक नाही. पण त्यांच्या काळच्या लोकांनी त्यांना ओळखले ते गणिती, ज्योतिर्विद आणि हकीम म्हणून. कवितेचा बोलबाला नंतरचा. त्यांच्या नावावरच्या रुबायांपैकी खरोखर त्यांच्या किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

जन्म १०४८चा, खुरासानातील निशापूरचा. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. घराण्याचा धंदा तोच असावा. तरुणपणी समरकंदला काझी अबू ताहिर यांच्या आश्रयाने त्यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. पुढे सुलतान मलिकशाहने इस्फहानला बोलावून वेधशाळेचे काम सोपवले. १०७९चे जलाली पंचांग तिथलेच.

त्याआधी दोन वर्षे, १०७७ साली, त्यांनी युक्लिडच्या अवघड गृहीतकांवर एक पुस्तक लिहिले. समांतर रेषांचे गृहीतक युक्लिडने सिद्धतेविना मांडले होते. खय्यामना ते खटकले.

त्यांची आकृती वाचकांनी वर्तमानपत्राच्या समासात काढून पाहावी. एक आडवी रेषा घ्या. तिच्या दोन्ही टोकांवर सारख्या उंचीचे दोन लंब उभे करा आणि त्यांची माथी जोडा. वरचे दोन कोन काटकोन आहेत, असे अजून म्हणायचे नाही. आधी ते एकमेकांएवढे आहेत का, ते पाहायचे. दोन्ही कर्ण काढा. पायावरचे दोन काटकोन त्रिकोण एकरूप होतात, म्हणून कर्ण सारखे, आणि कर्णांनी पायाशी केलेले कोनही सारखे. म्हणजे कर्णांच्या छेदबिंदूखाली समद्विभुज त्रिकोण तयार झाला. सारख्या कर्णांतून सारखे तुकडे गेले, उरलेलेही सारखेच. म्हणून वरचा त्रिकोणही समद्विभुज. त्याच्या पायाचे कोन समान, बाजूचे उरलेले कोन समान, त्यामुळे माथ्याचे पूर्ण कोनही समान. आठवी-नववीतला समद्विभुज त्रिकोण इथे केवढे ओझे उचलतो!

मग प्रश्न उरतो: हे समान कोन काटकोन, लघुकोन की विशालकोन? खय्यामनी शेवटचे दोन पर्याय खोडून काढले. पण त्यासाठी जवळ येत जाणाऱ्या सरळ रेषा एकमेकींना छेदतातच, हे तत्त्व त्यांना आधाराला घ्यावे लागले. इटलीच्या साकेरीने १७३३ साली हीच आकृती पुन्हा काढली. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी लघुकोनाचा पर्याय स्वीकारूनच नवी भूमिती उभी केली. खय्याम चुकले म्हणावे, तर दार नेमके कुठे आहे ते त्यांनीच दाखवले होते.

१०९२मध्ये वजीर निजामुल्मुल्कची हत्या झाली, पाठोपाठ सुलतानही गेला. वेधशाळेचा पैसा आटला. धर्मनिष्ठेबद्दल कुजबुज सुरू झाली, तेव्हा ते हजला गेले, असे जुने चरित्रकार लिहितात. परतल्यावर ते मोजकेच बोलत.

११३१च्या सुमारास ते वारले. त्या दिवशी ते इब्न सिनाचा ग्रंथ वाचत होते, असे त्यांच्या जावयाने सांगितले आहे. एक आणि अनेक या प्रकरणाशी त्यांनी पानांत खूण ठेवली, वसीयत केली, इशाच्या नमाजपर्यंत अन्नपाणी घेतले नाही. नमाज झाल्यावर सजद्यात जाऊन, कुवतीप्रमाणे तुला जाणण्याची धडपड केली, माफ कर, अशी विनवणी केली आणि प्राण सोडला.

काही वर्षांनी निजामी अरूझी निशापूरला आले. कबर बागेच्या भिंतीलगत होती. नासपती आणि पीच यांच्या फांद्या भिंतीवरून झुकलेल्या, आणि फुलांच्या सड्याखाली कबर दिसत नव्हती.