खांद्याला पेलणारी रायफल : जिम कॉर्बेट यांच्या शस्त्रनिवडीची कथा

बेळगावच्या कॅम्पमध्ये मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्या सीमाभागातील अनेक घरांत लष्करात गेलेला एखादा काका किंवा आजोबा असतोच. रायफलचा पहिला बार आणि त्यासरशी खांद्याला बसलेला दस्त्याचा धक्का यांची आठवण असा माणूस कधी विसरत नाही. त्या धक्क्याची धास्ती मनात बसली की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नेम ढळतो. चांदमारीच्या मैदानावर याची किंमत फारतर काही गुणांची असते. जंगलात ती कोणाच्या तरी प्राणांची असू शकते. विख्यात शिकारी जिम कॉर्बेट यांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांनी हाती घेतलेल्या रायफलींना वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

25 जुलै 1875 रोजी नैनितालच्या पोस्टमास्तरांच्या घरी जिम यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र ते लहान असतानाच हरपले. हिवाळ्यात हे मोठे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरून येई. तेथील रानात जिम यांना मिळालेली पहिली बंदूक ठासणीची दुनळी होती. तिची एक नळी तडकलेली असल्याने दुसऱ्या नळीवरच भागवावे लागे. दहाव्या वर्षी ते छात्रदलात दाखल झाले आणि त्यांच्या हाती .450 मार्टिनी रायफल आली. ही रायफल तिच्या दणक्याबद्दल कुप्रसिद्ध होती. पोरसवदा छात्रांना गोळीबाराच्या दिवसाची धडकीच भरे. याच रायफलने जिम यांनी आपला पहिला बिबट्या मारला. शस्त्राचा धाक काय असतो आणि तो कसा मोडावा लागतो, हे त्यांना असे कोवळ्या वयातच कळले.

पुढे बिहारमधील मोकामेह घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करण्याच्या कामात त्यांची वीसएक वर्षे गेली. मजुरांत मिसळून राहणारा हा माणूस सवड मिळताच कुमाऊँच्या डोंगरात परते. 1907 मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा पाठलाग त्यांनी पत्करला. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून 436 बळी तिच्या नावावर होते. गवत कापायला आणि सरपण आणायला रानात जाणाऱ्या बायका तिच्या तावडीत सापडत. त्या दिवशी कॉर्बेट यांच्याजवळ .500 बोअरची जड दुनळी रायफल आणि अवघी तीन काडतुसे होती. ती संपल्यावरही वाघीण उभीच होती. अखेर धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक आणावी लागली. वाघीण कोसळल्यावर तिचा जबडा तपासला, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. ती जुन्या गोळीची जखम होती. कोण्या शिकाऱ्याचा नेम चुकला, नैसर्गिक सावज धरणे तिला अशक्य झाले आणि त्या चुकीची भरपाई शेकडो निरपराध माणसांनी केली.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना रिग्बी कंपनीची .275 रायफल भेट दिली. तिचे काडतूस म्हणजे जर्मन माऊझरचे 7 मिलिमीटर काडतूस. गोळी 9 ते 11 ग्रॅमची, बारीक आणि लांब. कॉर्बेट यांची दुसरी आवडती रायफल .450/400 ची जेफ्री दुनळी. तिची गोळी सुमारे 26 ग्रॅमची. गोळी आणि दारू जितकी जड आणि गोळीचा वेग जितका अधिक, तितका खांद्याला बसणारा धक्का मोठा. रायफलचे वजन वाढले की तो कमी होतो, पण मग ती डोंगर चढताना दिवसभर वाहावी लागते. जवळ आलेल्या जखमी वाघापुढे दुनळीचा ताबडतोब मिळणारा दुसरा बार मोलाचा असतो. नेमकी जागा टिपायची असेल, तर हलक्या धक्क्याची रायफल हुकमी ठरते. कॉर्बेट यांनी दोन्ही बाळगल्या आणि प्रसंग पाहून वापरल्या.

2 मे 1926 च्या रात्री गुलाबराय येथील आंब्याच्या झाडावर ते बसले होते. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत 125 माणसे मारली होती. विजेरीचा झोत क्षणभर पडला, बिबट्या माशीच्या रेषेत दिसला, बार झाला आणि विजेरी विझली. ती एक गोळी .275 रिग्बीची होती. त्याच काळात आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुसंख्य याच 7 मिलिमीटर काडतुसाने. हत्तीची कवटी कापून मेंदूची जागा त्याने अभ्यासली होती. गोळी कोठे लागावी हे ठाऊक असल्याने मोठ्या बोअरची त्याला गरज भासली नाही.

याउलट अनुभव कॉर्बेट यांना 30 नोव्हेंबर 1938 रोजी आला. वय 63. ठाकच्या वाघिणीची वाट पाहत ते खडकाच्या अरुंद कंगोऱ्यावर कसेबसे टेकले होते. खाली चार माणसे आणि एक शेळी होती. संधिप्रकाशात जड दुनळीचे दोन्ही बार झाले. पहिल्या धक्क्याने त्यांची पकड सुटली आणि दुसऱ्याने ते खाली फेकले गेले. वाघीण मात्र ठार झाली होती. तिच्याही अंगावर जुन्या गोळ्यांच्या जखमा होत्या आणि खांद्याची जखम चिघळलेली होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना लेफ्टनंट कर्नल कॉर्बेट यांनी मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे जंगलयुद्धाचे धडे दिले. 1947 मध्ये ते बहीण मॅगीसह केनियाला गेले आणि 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी येथे निवर्तले. ज्या राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, त्याला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीच्या रायफलीची निवड हा इतिहासाचा विषय झाला आहे. तरीही चंपावत आणि ठाकच्या वाघिणींची कलेवरे एकच गोष्ट सांगतात. आपल्या खांद्याला न पेलणारे शस्त्र मिरवणारा माणूस स्वतः बहुधा सुखरूप घरी परततो. त्याच्या चुकलेल्या गोळीचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या उंबरठ्यावर चुकता होतो.