एडविन हबल : नियम आणि शंका

विश्व प्रसरण पावत असल्याच्या शोधाचे श्रेय सर्वसाधारणपणे एडविन हबल यांना दिले जाते. परंतु या निष्कर्षाविषयी स्वतः हबल अखेरपर्यंत सावध होते.

२० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात हबल यांचा जन्म झाला. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याचे शिक्षण घेतले, पण मन रमले ते खगोलशास्त्रात. १९१९मध्ये ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत रुजू झाले. तेथील शंभर इंची दुर्बिणीतून १९२३मध्ये त्यांनी देवयानी तेजोमेघात सेफीड प्रकारचा तारा शोधला आणि हा तेजोमेघ आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध केले.

दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या दिसतात. या ताम्रसृतीची मोजमापे व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२पासून सुरू केली होती. दीर्घिका जितकी दूर, तितकी तिची ताम्रसृती अधिक, हे हबल यांनी १९२९मध्ये दाखवून दिले. एके काळी याच डोंगरावर खेचरे हाकणारे मिल्टन ह्युमसन पुढे या कामात त्यांचे सहकारी झाले.

मात्र ताम्रसृती म्हणजे दूर जाण्याचा वेगच, असे मानण्यास हबल तयार नव्हते. प्रदीर्घ प्रवासात प्रकाशाची ऊर्जाच घटत असावी, अशी कल्पना फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९मध्येच मांडली होती. यांपैकी खरे काय, हे ठरविण्याची कसोटी हबल यांनी रिचर्ड टोलमन यांच्यासह १९३५मध्ये सुचविली. दीर्घिका खरोखरच दूर जात असतील, तर प्रकाशकणांच्या आगमनातील अंतर वाढेल आणि त्या अधिक मंद दिसतील. १९३६मधील दीर्घिकांच्या गणनेवरून हबल यांना ही जादा मंदता मान्य करणे अवघड वाटले. शिवाय त्यांच्या आकड्यांनुसार विश्वाचे वय जेमतेम दोन अब्ज वर्षे येत होते. पृथ्वीच त्याहून जुनी असल्याचे पुढे निश्चित झाले.

काळाने निकाल त्यांच्या शंकेविरुद्ध दिला. त्यांची अंतरे आणि दीर्घिकांच्या तेजाची मोजमापे सदोष होती. १९६५मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर झाला. १९९०च्या दशकापासून दूरच्या अतिनवताऱ्यांचे तेज अधिक संथपणे मावळताना आढळले. प्रकाश केवळ थकत असता, तर असे घडले नसते. प्रकाशाच्या आगमनातील जे अंतर हबल शोधत होते, तेच अखेर येथे उघड झाले.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी हबल यांचे निधन झाले. त्याच वर्षी लंडनमधील व्याख्यानातही त्यांनी ताम्रसृतीचाच नियम मांडला, वेगाचा नव्हे. प्रत्यक्ष जे मोजले, तेवढेच ठामपणे सांगायचे, हा त्यांचा दंडक होता. त्यांची शंका चुकीची ठरली. तिला कसोटी लावण्याचा त्यांचा मार्ग मात्र योग्यच होता.