पोटमाळ्यावरील सात वर्षे : हॅरिएट जेकब्स यांचा कालानुभव

अमेरिकेतील गुलामांच्या आत्मकथनांचा विचार करताना आपले लक्ष बहुधा पलायनाच्या वेगाकडे जाते. हॅरिएट जेकब्स यांचे जीवन मात्र थांबून राहण्याचे जीवन आहे.

त्यांचा जन्म १८१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ईडेंटन येथे गुलामगिरीतच झाला. मालकिणीने त्यांना वाचन व शिवणकाम शिकविले. परंतु १८२५ मध्ये ती वारल्यावर मृत्युपत्रान्वये त्या तिच्या तीन वर्षांच्या भाचीची मालमत्ता ठरल्या. प्रत्यक्ष सत्ता आली ती त्या मुलीचे वडील डॉ. जेम्स नॉरकॉम यांच्याकडे. त्यांच्या लैंगिक छळामुळे १८३५ मध्ये हॅरिएट पळाल्या. पण दूर गेल्या नाहीत. आजीच्या घराच्या छपराखाली ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि जास्तीत जास्त ३ फूट उंच अशा पोटमाळ्यात त्या सुमारे सात वर्षे दडून राहिल्या. गिरमिटाने पाडलेल्या भोकातून त्यांना आपली दोन मुले दिसत. उत्तरेतून आल्याचे भासविणारी पत्रे पाठवून त्यांनी नॉरकॉम यांची दिशाभूल केली.

या संथ काळाचे उदात्तीकरण करता येणार नाही. उन्हाळ्यातील उकाडा, गळणारे छप्पर आणि थंडी यांनी त्यांचे शरीर कायमचे खचले. तरीही गुलामाचा प्रत्येक प्रहर मालकाचा असताना हा काळ त्यांनी स्वतः निवडला होता, हे महत्त्वाचे होय. प्रतीक्षा हेच येथे कृतीचे रूप ठरते.

१८४२ मध्ये त्या जहाजाने फिलाडेल्फियाला पोहोचल्या. १८५२ मध्ये कॉर्नेलिया विलिस यांनी ३०० डॉलर देऊन त्यांना कायदेशीरदृष्ट्या मुक्त केले. आपली अशी खरेदी व्हावी, हे हॅरिएट यांना रुचले नव्हते. पुढे विलिस कुटुंबातील मुले सांभाळताना, रात्रीच्या उसन्या वेळेत त्यांनी आत्मकथन लिहिले. ते १८६१ मध्ये लिंडा ब्रेंट या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्यात घटनांपेक्षा ऋतूंची आणि नाताळांची पुनरावृत्ती पोटमाळ्यावरील वर्षे मोजते.

१८९७ मध्ये त्यांचे निधन झाले. ही कथा कल्पित असावी, हा संशय मात्र दीर्घकाळ टिकला. जीन फॅगन येलिन यांच्या १९८७ च्या संशोधित आवृत्तीने तो दूर केला. सात वर्षे वाट पाहणाऱ्या या लेखिकेला, आपले सत्य मान्य होण्यासाठी, मृत्यूनंतरही नव्वद वर्षे थांबावे लागले.