कर कोणावर, संरक्षण कोणाला?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांना आपण संविधानाचे शिल्पकार मानतो. अर्थतज्ज्ञ म्हणून मात्र क्वचितच वाचतो. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ब्रिटिश राजवटीचा महसूल तपासला. १९२५ च्या प्रांतिक वित्तावरील ग्रंथात त्यांनी दाखवले, की जमीन महसुलाने शेती खुंटली आणि इंग्लंडच्या कारखानदारांना सांभाळणाऱ्या जकात धोरणाने इथले उद्योग दबले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९४७ मध्ये प्रमुख उद्योग सरकारी मालकीचे असावेत, असे संविधान सभेला सुचवले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मित्रांनो, अर्थसंकल्प वाचताना विकासदरावर थांबू नका. कराचा भार कष्टकऱ्यावर किती आणि सवलत कोणाला, हेही आपण तपासू या. जय भीम!